प्रायमरीत चुरस असली की अंदाज नक्की कशावरून बांधायचा?

मृण्मयी_ओहायो

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाची पुढची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान) ही माझी पहिली. नुसतं जाऊन मत देऊन यायचं नाही, शर्यत कुठे चाललीय हे मला स्वतःला वाचता आलं पाहिजे, असं मनाशी ठरवलंय. सरावासाठी 2008 ची डेमोक्रॅटिक लढत घेतली, ओबामा विरुद्ध हिलरी क्लिंटन, कारण अलीकडची सगळ्यात अटीतटीची तीच. मुलं झोपली की रात्री बसते आणि स्प्रेडशीटमध्ये एकेक राज्य भरत जाते. प्रत्येक ओळीत मतदानाआधीचे पोल, निकाल, मिळालेले डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी).

तीन ठिकाणी अडले आहे.

पहिलं म्हणजे 5 फेब्रुवारीच्या सुपर ट्युसडेच्या (एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान) दोन ओळी. न्यू जर्सीत अकरा लाखांच्या वर लोकांनी मतं दिली, क्लिंटन साधारण 10 टक्क्यांनी जिंकल्या. डेलिगेट 59 आणि 48, म्हणजे 11 ची आघाडी. आयडाहोच्या कॉकसमध्ये (मतपेटीऐवजी सभेत जमून उमेदवार निवडायची पद्धत) एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली. तिथे ओबामांना 15, क्लिंटनना 3. म्हणजे 12 ची आघाडी! मला वाटलं मीच आकडा चुकीचा भरला. तीनदा तपासला, बरोबर आहे. अकरा लाख मतांच्या राज्यापेक्षा एकवीस हजारांच्या राज्यात जास्त कमाई कशी?

दुसरं, न्यू हॅम्पशायर. आदल्या दिवसापर्यंत पोलमध्ये ओबामा आठेक टक्क्यांनी पुढे, आणि जिंकल्या क्लिंटन.

तिसरं, हवा. आयोवा जिंकलं की हवा तयार होते म्हणतात (2008 ला पहिलं मतदान तिथेच झालं, आणि ते ओबामांनी जिंकलं). मग ती पाच दिवसांत कुठे गेली?

कशाला किती वजन द्यायचं, ते कोणी नीट सांगेल का?

---

राजस_आर

मृण्मयी, माझा अनुभव सांगतो. पोलची सरासरी घ्यायची आणि सुरुवातीची राज्यं कोण जिंकतं ते बघायचं, झालं काम. 2004 आठवा. हॉवर्ड डीन महिनोन्‌महिने आघाडीवर होते. आयोवा जॉन केरींनी घेतलं, आठवडाभराने न्यू हॅम्पशायर घेतलं, आणि मार्च उजाडेपर्यंत लढत संपलीसुद्धा. पैसे, बातम्या, पाठिंबे, सगळं जिंकणाऱ्याकडे धावतं. 2008 हा अपवाद होता. अपवादावरून नियम बांधायला जाल तर गोंधळ वाढेल.

---

जुना_एम्सकर

मृण्मयीताई, तुमच्या त्या दोन ओळी वाचून मला माझी जुनी वही आठवली. सविस्तर लिहितो, कारण या विषयात मी आधी सपशेल चुकलो आणि मग हळूहळू शिकलो.

3 जानेवारी 2008 ला मी आयोवातल्या एम्समध्ये होतो, आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत होतो. सुट्टीमुळे कॅम्पस रिकामं होतं. मला मताचा अधिकार नव्हता, पण प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीसोबत तिच्या प्रभागाच्या कॉकसला गेलो. पाहुण्यांना भिंतीशी उभं राहून बघता यायचं. शाळेचा जिम होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत इतकी गर्दी, की नावं नोंदवायची रांग दारापासून मागे वळून गेली होती. नोंदणीचे फॉर्म संपले म्हणून कोणीतरी फोटोकॉपी काढायला धावलं. त्या रात्री राज्यभरात डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे 2,39,000 लोक आले. चार वर्षांपूर्वी हाच आकडा सव्वा लाखाच्या आसपास होता.

सात वाजता मोजणी सुरू झाली. एकेका उमेदवाराची माणसं एकेका कोपऱ्यात. 15 टक्क्यांच्या खाली असलेल्या गटाला त्या खोलीत काहीच मिळायचं नाही, त्याला दुसरीकडे जावं लागायचं. बिल रिचर्डसन या छोट्या उमेदवाराच्या कोपऱ्यात आठ-दहा माणसं कमी पडली. मग ओबामा, क्लिंटन आणि जॉन एडवर्ड्स या तिन्ही मोठ्या गटांचे लोक त्यांच्याभोवती जमले. शेजारी शेजाऱ्याला समजावत होता, शिक्षिका आपल्या जुन्या विद्यार्थ्याला. एका बाईंनी कोटावरचा रिचर्डसनचा स्टिकर अलगद सोलून काढला, नीट घडी करून पाकिटात ठेवला, एकदा क्लिंटनच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि चालत ओबामांच्या कोपऱ्यात गेल्या. त्यांच्या मागोमाग तिघं गेले.

त्या स्टिकरने मला पहिली गोष्ट शिकवली. पोल विचारतो, तुमची पहिली पसंती कोण. पण उमेदवार जास्त असले की निकाल ठरतो दुसऱ्या पसंतीवर, आणि त्या दिवशी घराबाहेर कोण पडतं यावर.

मात्र दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटलो की क्लिंटनचा खेळ संपला. ओबामा 37.6, एडवर्ड्स 29.7, क्लिंटन 29.5, म्हणजे त्या तिसऱ्या! वहीत मी न्यू हॅम्पशायरपुढे 'ओबामा 8' असं पेनने लिहिलं. पाच दिवसांनी ते खोडावं लागलं. नंतर सर्वेक्षण करणाऱ्यांच्या संघटनेने याची रीतसर चौकशी केली, तरी एकच एक कारण सापडलं नाही. बऱ्याच जणांनी शेवटच्या क्षणी मन ठरवलं होतं, शिवाय काही गटांतले लोक पोलवाल्यांच्या हातीच लागले नव्हते. प्रायमरीत हे होणारच. नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीत मतदार पक्षाला बांधलेला असतो. इथे दोन्ही उमेदवार आपल्याच पक्षाचे आणि दोघंही बरे वाटतात, मग इकडून तिकडे जायला एक चांगली सभा पुरते. म्हणून प्रायमरीच्या पोलमधली सात-आठ टक्क्यांची आघाडी मी कधीच पक्की धरत नाही.

आता तुमचं न्यू जर्सी आणि आयडाहो. सगळ्याचं मूळ इथेच आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात. पण मोठा हिस्सा राज्याचे तुकडे पाडून वाटला जातो. बहुतेक ठिकाणी हे तुकडे म्हणजे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, मतदारसंघ, टेक्साससारख्या ठिकाणी राज्याच्या सिनेटचे. समजा एका तुकड्यात 4 डेलिगेट आहेत आणि उमेदवार दोनच. 55-45 ने जिंकलात तर वाटणी 2-2. 60-40 ने जिंकलात, इतका दणदणीत विजय, तरी 2-2! तिसरा डेलिगेट हवा असेल तर 62.5 टक्के ओलांडावे लागतात. शेजारच्या तुकड्यात 5 डेलिगेट असतील तर एका मताने जिंकलात तरी 3-2. सम आकडा असला की जिंकणाऱ्याचं मताधिक्य वाया जातं, विषम असला की चिमूटभर आघाडीचं सोनं होतं.

म्हणून मोठ्या राज्यात 10 टक्क्यांनी जिंकून हाती फारसं पडत नाही. आयडाहोत ओबामांना 80 टक्क्यांच्या आसपास मतं होती. तिथे सगळे उंबरठे ओलांडले गेले. आणि ती मतं आभाळातून पडली नव्हती. ओबामांच्या लोकांनी कॉकसच्या छोट्या राज्यांत कार्यालयं उघडली, माणसं नेमली, याद्या केल्या. क्लिंटनच्या मोहिमेने बहुतेक ठिकाणी तो भार घेतलाच नाही, त्यांचं लक्ष मोठ्या राज्यांवर होतं.

तुमच्याच ओहायोची ओळ बघा. 4 मार्चला क्लिंटन तिथे जवळपास 9 टक्क्यांनी जिंकल्या. टीव्हीवर पुनरागमनाचा जल्लोष झाला. डेलिगेट 74 आणि 67. आघाडी फक्त 7. आयडाहोच्या 12 समोर ती ठेवून बघा!

आणि एकदा एवढं कळलं की पुढचं गणित कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर होतं. समजा एक उमेदवार 100 डेलिगेटनी पुढे आहे आणि 1000 वाटायचे शिल्लक आहेत. मागच्याला बरोबरी करायलाच 550 हवेत. म्हणजे उरलेल्या प्रत्येक राज्यात सरासरी 55-45. त्यात एखादं राज्य हातचं गेलं की बाकीच्यांत 55 च्याही वर जावं लागतं. फेब्रुवारीत सुपर ट्युसडेनंतर ओबामांनी सलग दहा-अकरा ठिकाणं जिंकली, तीही बरीचशी मोठ्या फरकाने, आणि आघाडी शंभराच्या पुढे गेली. त्यानंतर तीन महिने रोज 'आता काय होणार' अशी चर्चा चालू होती, पण गणित फेब्रुवारीतच जवळपास मिटलं होतं. सुपरडेलिगेट (मतदानाने न बांधलेले, पक्षाचे नेते आणि पदाधिकारी) उलटले असते तर गोष्ट वेगळी. त्यांच्यात सुरुवातीला क्लिंटनची मोठी आघाडी होती, पण लोकांनी निवडलेल्या डेलिगेटमध्ये जो पुढे त्याच्या विरुद्ध जायची त्यांची तयारी नव्हती. एकेक करत ते ओबामांकडे सरकले.

राहिली हवा. जेवून येतो आणि लिहितो, हा भाग मला घाईत लिहायचा नाही.

---

लान्सिंगची_अनघा

एम्सकर लिहीपर्यंत मी मिशिगनची बाजू सांगते.

2016 ला मी बर्नी सँडर्ससाठी, क्लिंटनच्या विरुद्ध, फोन करत होते. 8 मार्चच्या प्रायमरीआधी पोल म्हणत होते, क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे. आमच्या खोलीत कोणालाच जिंकण्याची आशा नव्हती, अंतर कमी करायचं एवढंच डोक्यात होतं. पण शेवटच्या शनिवारी माझ्या यादीत सगळी तरुण मुलं आली. पहिल्यांदाच मतदान करणारी. एकामागून एक म्हणत होती, "हो, मी जाणार आहे, रूममेटलाही नेणार आहे." मी कागदाच्या कडेला खुणा करत गेले, आणि खुणा करायला कड पुरेना. सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. मी रडले त्या रात्री.

पोल एवढे का चुकले, त्याचं मला पटलेलं एक कारण आहे. मिशिगनला मागचा धडाच नव्हता. 2008 ला राज्याने पक्षाचा नियम मोडून तारीख जानेवारीत ओढली, पक्षाने शिक्षा केली, ओबामा आणि एडवर्ड्स यांनी नावं मागे घेतली. मतपत्रिकेवर ओबामा नव्हतेच. त्यामुळे खऱ्या चुरशीच्या प्रायमरीत मिशिगनमध्ये कोण कोण बाहेर पडतं, याचा ताजा नमुना कोणाकडे नव्हता. तरुण किती येतील याचा अंदाज सगळ्यांचा कमी पडला. मृण्मयी, प्रत्येक राज्यापुढे एक रकाना कर: इथे याआधी अशी खरी लढत कधी झाली होती?

आणि आता जे सांगते ते मला त्या रात्री कळलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान होतं. तिथे क्लिंटनना 80 टक्क्यांच्या वर मतं पडली. आम्ही ऐतिहासिक विजय मिळवला आणि दिवसाअखेर डेलिगेटमध्ये आणखी मागे गेलो. एम्सकर म्हणतात ते अगदी खरं आहे, पण तेव्हा फार लागलं होतं.

---

टेक्सासचा_श्रीपाद

वरचं सगळं डेमोक्रॅट्सचं झालं. मृण्मयी, रिपब्लिकन शर्यतीला हीच फूटपट्टी लावाल तर फसाल. मी तो पक्ष पंचवीस वर्षं जवळून पाहतोय.

तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. 2016 ला साउथ कॅरोलायनात ट्रम्पना 32.5 टक्के मतं मिळाली. म्हणजे तीनातल्या दोघांनी त्यांना मत दिलं नाही. पण राज्यातही पहिले आणि काँग्रेसच्या सगळ्या मतदारसंघांतही पहिले, त्यामुळे 50 च्या 50 डेलिगेट त्यांना. मग 15 मार्चला फ्लॉरिडा, जिंकेल त्याला सगळे 99. ओहायोचे 66 ट्रम्पचे प्रतिस्पर्धी केसिकना, तेही सगळे. प्रमाणात वाटप असतं तर मागचा उमेदवार दीर्घकाळ तग धरतो. 'जिंकेल त्याला सगळे' असलं की विरोधी मतं दोघा-तिघांत विभागली गेल्याची किंमत भयंकर असते. ट्रम्पविरोधी रुबिओ, क्रूझ, केसिक तिघंही थांबून राहिले आणि तिघांनीही ती मोजली.

कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा नियम तर खास बघण्यासारखा होता. काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघाला 3 डेलिगेट, मग तिथे रिपब्लिकन मतदार लाखभर असोत की मूठभर. लॉस एंजेलिसमधल्या ज्या भागात रिपब्लिकन शोधावा लागतो, तिथलं एक मत ग्रामीण भागातल्या कित्येक मतांइतकं जड.

आणि मतदानाबाहेरही लढत असते. एप्रिल 2016 मध्ये कोलोरॅडोत लोकांचं मतदान झालंच नाही, पक्षाच्या मेळाव्यांत डेलिगेट निवडले गेले आणि क्रूझनी अख्खी यादी खिशात घातली. 1976 ला फोर्ड आणि रेगन यांच्यातली लढत कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत गेली, 1187 विरुद्ध 1070. तिथे अंदाज म्हणजे एकेका डेलिगेटला गाठून त्याच्या मनात काय आहे ते काढणं.

आधी नियमावली वाचा. पोल नंतर उघडा.

---

जुना_एम्सकर

श्रीपादराव, नियमावलीचं अगदी शंभर टक्के.

आता हवा. राजस, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हवा असते, पण ती कधी असते हे ओळखावं लागतं.

दोघांत सरळ लढत असेल आणि दोघांचे मतदार वेगवेगळ्या समाजगटांतून येत असतील, तर हवेचा जोर फार थोडा. 2008 ला आफ्रिकन-अमेरिकन मतदार, तरुण आणि पदवीधर ओबामांकडे होते. वयस्क गोऱ्या स्त्रिया, कामगारवर्गातले गोरे आणि हिस्पॅनिक मतदार क्लिंटनकडे. राज्यात कोण राहतं हे कळलं की निकाल बराचसा कळायचा. साउथ कॅरोलायनात ओबामांना दुपटीहून जास्त मतं, कॅलिफोर्नियात क्लिंटन आठेक टक्क्यांनी पुढे.

माझ्या वहीतलं सगळ्यात आवडतं पान पेनसिल्व्हेनियाचं आहे. ओहायोच्या 4 मार्चनंतर पेनसिल्व्हेनियाचं मतदान 22 एप्रिलला होतं. मध्ये सात आठवडे. त्या सात आठवड्यांत काय नाही झालं? ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या वादग्रस्त प्रवचनांचे व्हिडिओ आले. ओबामांनी वंशाच्या प्रश्नावर फिलाडेल्फियात मोठं भाषण केलं. क्लिंटनचं बोस्नियातल्या गोळीबाराचं वर्णन खोटं ठरलं. छोट्या गावांतले लोक कडवट झालेत, हे ओबामांचं वाक्य गाजलं. रोज टीव्हीवर 'याने शर्यत बदलणार' हेच चालू. मी तेव्हा ओहायोच्या काउंट्या (जिल्हे) आणि पेनसिल्व्हेनियाच्या काउंट्या शेजारी शेजारी मांडून बसलो होतो. वय, शिक्षण, जुन्या पोलाद कारखान्यांची गावं, मोठी शहरं. दोन्ही राज्यं सख्ख्या बहिणींसारखी. या वेळी पेन्सिलीने लिहिलं: क्लिंटन 9. निकाल आला, क्लिंटन साधारण 9 टक्क्यांनी विजयी. इतका गदारोळ होऊन माणसं होती तिथेच होती. (आणि डेलिगेट? 85 आणि 73. आघाडी 12. बरोबर आयडाहोएवढी.)

त्याच वसंतात 'पोब्लानो' या टोपणनावाने लिहिणारा एक माणूस, म्हणजे आकडेतज्ज्ञ नेट सिल्व्हर, हीच गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी शिस्तीने करत होता. 6 मेच्या नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियानाचा त्याचा अंदाज लोकसंख्येच्या आकड्यांवर उभा होता आणि पोलपेक्षा सरस ठरला.

आता 2020. इथे मी पुन्हा नव्याने शिकलो. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. 26 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनातले वजनदार खासदार जेम्स क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला. 29 ला बायडन तिथे 48 टक्क्यांच्या वर गेले. त्यांच्यासारखेच मध्यममार्गी उमेदवार बुटिजेज 1 मार्चला बाहेर, क्लोबुचार 2 ला बाहेर, आणि 3 मार्चला चौदापैकी दहा राज्यं बायडनकडे. तीन दिवसांत शर्यत उलटी झाली. मग लोकसंख्येचा सिद्धांत कुठे गेला?

कुठेही गेला नाही. बायडन, बुटिजेज आणि क्लोबुचार यांचे बरेचसे मतदार एकाच प्रकारचे होते. त्यांना एक मध्यममार्गी माणूस हवा होता, तो कोण एवढाच प्रश्न होता. दोघं बाजूला झाल्यावर ही माणसं नव्या विचाराकडे वळली नाहीत, आधीच्या दुसऱ्या पसंतीकडे गेली. पुन्हा माझ्या जिममधला तो स्टिकर. 2004 मध्ये केरींचंही काहीसं तसंच झालं. डीनवरून मन उडालेल्याला जवळच केरी दिसत होते.

म्हणून मी आधी उमेदवार मोजतो. बरेच असतील आणि एकमेकांसारखे असतील तर हवेला मान देतो, दुसरी पसंती विचारणारे पोल शोधतो आणि कोण कधी माघार घेईल यावर डोळा ठेवतो. दोनच उरले असतील तर बातम्या बंद करतो आणि काउंट्या उघडतो.

एक बारीक गोष्ट राहिली. माघार घेतल्यावरही मतं पडत राहतात. बुटिजेज बाहेर पडले तेव्हा कॅलिफोर्नियात कितीतरी मतपत्रिका टपालाने आधीच गेल्या होत्या. लवकर मतदान जिथे जास्त, तिथे हवा उशिरा पोचते.

---

राजस_आर

हे पटलं. मी केरींचं उदाहरण हवेचा पुरावा म्हणून देत होतो, पण तेव्हा मैदानात किती जण होते याचा विचारच केला नव्हता. एक विचारतो. निकालाच्या रात्री तुम्ही पहिल्यांदा काय बघता?

---

जुना_एम्सकर

राज्य कोणाच्या रंगात रंगलं ते शेवटी बघतो. आधी बघतो की प्रत्येकाने आपल्या हक्काच्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं की कमी.

6 मे 2008 ची रात्र सांगतो. नॉर्थ कॅरोलायना ओबामांना लवकरच जाहीर झालं, पुढे फरक 14 टक्क्यांच्या वर गेला. इंडियानात क्लिंटन पुढे होत्या, पण गॅरी जिथे आहे त्या लेक काउंटीचे आकडे येतच नव्हते. मध्यरात्र उलटली तरी सगळे त्या एका काउंटीकडे डोळे लावून. शेवटी क्लिंटन चौदा हजारांच्या आसपास मतांनी जिंकल्या. मी मात्र तोपर्यंत झोपलो होतो. इंडियाना कोणीही घेतलं तरी दोन-चार डेलिगेटचाच फरक पडणार होता. झालंही तसंच, 38 आणि 34. नॉर्थ कॅरोलायनात 67 आणि 48. क्लिंटनना त्या रात्री अंतर कापायचं होतं, ते उलट 15 ने वाढलं.

---

मृण्मयी_ओहायो

काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

'कोण जिंकलं' हा रकाना मी अगदी उजवीकडे सरकवला आणि लपवून टाकला. डावीकडे तीन नवे रकाने आले: वाटपाचा नियम, मैदानात उरलेले उमेदवार, आणि अनघाताईंचा 'याआधी खरी लढत कधी'. मग पेनसिल्व्हेनियाचा निकाल झाकून, फक्त ओहायोच्या काउंट्या बघून मीही अंदाज लिहिला. मला 8 आला. खूप आनंद झाला!

माझ्या जुन्या शीटमध्ये ओहायोची ओळ मी ठळक केली होती, माझं राज्य म्हणून. 9 टक्क्यांनी जिंकून फक्त 7 डेलिगेट मिळाले, हे मी रोज बघत होते आणि तरी माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

एकच ओळ अजून जुळत नाही. टेक्सास. 4 मार्चलाच क्लिंटन तिथे 51-47 ने जिंकल्या. माझ्या हिशेबाने त्या 4 डेलिगेटनी पुढे हव्यात. पण एकूण बेरजेत ओबामा 5 ने पुढे दिसतात. कुठे चुकतेय?

---

टेक्सासचा_श्रीपाद

कुठेच चुकत नाही तुम्ही. ती ओळ दोन ओळींत फोडा.

टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅट्सचं एकाच दिवशी दोनदा व्हायचं. दिवसभर प्रायमरी, आणि मतदान संपलं की त्याच मतदारांनी रात्री परत येऊन कॉकस. मी त्या रात्री शेजाऱ्यांना गाडीतून सोडायला गेलो होतो. रांग इमारतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत आली होती. दिवसा मत दिलेल्या कितीतरी बायका लहान मुलांना घेऊन आल्या होत्या, त्यातल्या काही उशीर होतोय म्हणून तशाच घरी परतल्या. थांबू शकणारे थांबले.

प्रायमरीचे 126 डेलिगेट: क्लिंटन 65, ओबामा 61. हे तुमचे 4. तेही राज्याच्या सिनेटच्या मतदारसंघांनुसार वाटलेले. मागच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅट्सना जास्त मतं पडली तिथे जास्त डेलिगेट, म्हणून ऑस्टिन आणि ह्युस्टनचं वजन मोठं आणि मेक्सिकोच्या सीमेलगतच्या, क्लिंटनला मानणाऱ्या भागाचं कमी.

कॉकसचे 67: ओबामा 38, क्लिंटन 29.

आता बेरीज करा. 99 आणि 94.

---

मृण्मयी_ओहायो

जुळली.